सात बेचाळीसची फाइल

औसा,
९ फेब्रुवारी

प्रिय सुदर्शन,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच फेकशील, म्हणून पत्ता सादियाकडून लिहून घेतला. माझी लेक आता दहावीला आहे. फोन केला असता, पण माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलायस आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एवढंच कर, पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच डोकं फिरलं तर पाणी पी आणि पुन्हा वाचायला घे.

गेल्या सोमवारी सिंधुकाकू दुकानात आल्या. तुझी आई नऊ वर्षांनी आपल्या फ्लेक्सच्या दुकानाची पायरी चढली आणि माझ्या हातातलं कटर खाली पडलं. सुकन्याचं लग्न ठरल्याचं बाजारात कानावर आलं होतं. वीस तारखेला, लातूरला, हे काकूंनी सांगितलं. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दस्तगीर, मालकाचा एक फोटो दे बाबा. लेकीला हळद लागायच्या आधी त्यांच्यापुढं हळदकुंकू ठिवावं लागतंय. घरात एकबी न्हाई." भुजंगकाका गेल्यावर घरातले सगळे फोटो तू काढून टाकलेस, हे मला ठाऊक होतं. उरलाय फक्त आधार कार्डावरचा. "त्यात चोरावानी दिसत्यात," काकू म्हणाल्या. निघताना परत वळल्या, "आन् कोटातला नको बरं का. जल्मात कोट घातला न्हाई त्यांनी." सुदर्शन, आपण किती जणांची मुंडकी त्या एका निळ्या कोटावर बसवली रे! अर्ध्या औशानं तो कोट घातला असेल. मी हसून "हाव काकू, शुक्रवारपर्यंत देतो" म्हणालो. "सुदर्शन येतोय का न्हाई तेबी कळंना," असं काहीसं पुटपुटत त्या पायरी उतरल्या.

त्या गेल्या आणि माझी पाचावर धारण बसली. काकांचा फोटो होता तो आपल्या जुन्या कॉम्प्युटरात, आणि तो कॉम्प्युटर मी नुकताच पुसून बसलो होतो. झालं असं, दिवाळीत नवी प्रिंटिंग मशीन घेतली. तिला तुझं ते जुनं विंडोज एक्सपी चालेना. मग मदरबोर्ड बदलला, रॅम वाढवली, नवं विंडोज टाकायला माणूस बोलावला. त्यानं विचारलं, डिस्कवरचं काही ठेवायचंय का? मी छाती फुगवून सांगितलं, सगळ्याचा बॅकअप आहे. बॅकअप म्हणजे तू दर रविवारी घ्यायचास तो. तू दुकान सोडलंस त्याच्या आदल्या रविवारचा शेवटचा. ती काळी हार्डडिस्क मी कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती आणि नऊ वर्षांत एकदाही खाली काढली नव्हती.

काढली, जोडली. आत बघतो तर फोल्डर नाही, फोटो नाही, एकच भलीमोठी फाइल. जुन्या विंडोजनं सगळं एकाच गाठोड्यात बांधून ठेवलेलं आणि नव्याला ती गाठ सोडता येत नाही. ही कशानं उघडू, असं मलाच विचारतंय! दोन दिवस झटलो. यूट्यूबवर एकजण इंग्रजीत सांगत होता, एकजण हिंदीत, दोघांचंही ऐकून काही झालं नाही. घरी बायकोवर, हाजराबीवर, विनाकारण खेकसलो. ती म्हणाली, "फोटू सापडंना म्हून चिडून राहिलाव का सापडंल म्हून?" बायकांना कसं कळतं कोण जाणे. खरंच, फाइल उघडेना म्हणून जीव टांगणीला लागला होता, आणि उघडत नाही याचं कुठंतरी बरंही वाटत होतं. बरं का वाटत होतं, ते सांगतोच.

गुरुवारी लातूरला गेलो. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत नागसेन नावाचा माणूस जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं एक एक्सपीची मशीन मुद्दाम जिवंत ठेवलीय, अशाच अडलेल्यांसाठी. डिस्क लावली, रिस्टोअर सुरू केलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. चाळीस टक्के, पन्नास, एकाहत्तर. एकाहत्तरवर थांबली. डिस्कमधून कट्कट् आवाज यायला लागला. मी केबल हलवायला हात पुढं केला तर नागसेननं मनगटच धरलं. "हात लावू नका, साहेब. डिस्क म्हातारी झालीया. मधीच वढली तर हाय तेबी जाईल." मग बसलो दोघं. त्यानं चहा मागवला, माझा तसाच गार झाला. पंचवीस मिनिटं तो आकडा हलला नाही. काकूंना काय तोंड दाखवू, हा एक विचार, आणि हे इथंच मेलं तर सुटलो, हा दुसरा. दोन्ही माझेच. मग पट्टी हलली. बहात्तर.

आता त्या दिवसाचं लिहितो. तुला पाठ आहे, तरी लिहितो. काकांची एकसष्टी होती. आदल्या दुपारी तू त्यांना दुकानात आणून निळ्या कापडापुढं बसवलंस, मी म्हणालो, काका, हसू नका, बॅनर फाटेल, आणि ते हसले. तोच फोटो. तू घाईघाईत वाढदिवसाचं डिझाइन केलंस, "प्रिंटला टाक" म्हणालास आणि उमादेवीवहिनीला घेऊन काकांचे कपडे आणायला लातूरला गेलास. एकसष्टीच्या सकाळी बसस्टँडच्या चौकात बॅनर लागला. दहा बाय आठचा, वर काकांचा हसरा चेहरा आणि त्याच्यावर ठसठशीत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. टांगणारा आपला मडिवाळप्पा. त्याला कन्नड सोडून दुसरं अक्षर येत नाही. आठ वाजेपर्यंत देगलूरहून तुझ्या आत्याचा रडत फोन. नऊला चौकात दोनशे माणसं. काका स्वतः आले, बॅनर खालून वरपर्यंत वाचला आणि म्हणाले, "चला, आयुष्य वाढलं माझं." सगळ्यांना चहा पाजला. आणि तेविसाव्या दिवशी विहिरीवर मोटार चालू करायला गेले ते तिथंच बसले, उठलेच नाहीत.

चौकात तुझ्या चुलतभावानं माझी कॉलर धरली होती. "कुणी केलं हे?" त्या गर्दीत माझं नाव दस्तगीर आहे, हे मला एकदम फार मोठ्यानं ऐकू आलं. मी म्हणालो, सुदर्शननं केलेली फाइल होती, मी फक्त प्रिंटला टाकली. तू समोरच होतास. तुझा चेहरा उतरला, आणि तू म्हणालास, "हाव, माझ्याच हातनं झालं. दोन फाइली उघड्या होत्या." आदल्या आठवड्यात वैजनाथगुरुजी गेले, त्यांचा श्रद्धांजलीचा बॅनर आपणच केला होता; तू समजलास, घाईत काकांचा फोटो त्यात सेव्ह झाला. कॉलर सुटली. तुला कोण मारणार, तुझाच बाप. महिन्याभरात काका गेले, तू दुकान सोडलंस, नांदेडला प्रेसमध्ये नोकरी धरलीस.

तर नागसेनच्या मशीनवर शंभर टक्के झालं आणि सगळं वर आलं. मी काकांचा फोटो लगेच ओळखला. दुसरी एक फाइलही ओळखली. नागसेननं विचारलं, "सगळंच देऊ का पेनड्राइव्हमधी?" मी म्हणालो, नको, हा एकच फोटो. बाकी कचरा आहे.

शनिवारी काकू आल्या. मी फोटो मोठा करून फ्रेम लावून ठेवला होता, टोपी जराशी तिरकी, कोट नाही. काकूंनी फ्रेम हातात घेतली. पदरानं काच पुसली, पुसायला काही नव्हतं तरी. मी विचारलं, सुदर्शन कधी येतोय? तेव्हा त्या बोलल्या. तू येणार आहेस, पण मांडवाच्या दारात उभं राहायला. कन्यादानाला बसणार नाहीस. "ज्यानं बापाला जित्तेपणी मारलं त्यानं बापाच्या जागी कसं बसावं म्हणतोय. सुकन्या रडून राहिली. भाऊ असून चुलत्यानं हात द्यायचा का?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला वाटलं काकू माझ्याकडेच बघून बोलतायत. त्या फोटोकडे बघत होत्या.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं लातूर गाठलं. दुकान बंद. नागसेनच्या घरी गेलो आणि विचारलं, ते सगळं पुसलं तर नाही ना? तो म्हणाला, "तुम्हीच कचरा म्हणलाव की." पण पुसलं नव्हतं त्यानं; आळस केला म्हणाला. त्याच्या आळसाचं अल्ला भलं करो. दोन फाइली घेतल्या आणि आज सकाळी तुझ्या घरी जाऊन काकूंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडणं थांबलं नाही. एक खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? त्याला लिव." म्हणून लिहितोय.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये पहिली फाइल तुझी आहे, वाढदिवसाची. दुपारी तीन पन्नासला तू सेव्ह केलेली. उघडून बघ, तीत एकही चूक नाही. दुसरी गुरुजींच्या बॅनरची. तिच्यात काकांचा फोटो आणि नाव बसवून ती सेव्ह झालीय संध्याकाळी सात बेचाळीसला. तू तेव्हा लातूरला होतास. मी बसवला, सुदर्शन. तुझी चौकट मला साधी वाटली, गुरुजींची सोनेरी छान होती, आणि काकांचा बॅनर माझ्या हातचा व्हावा, अशी हौस आली. खालच्या ओळी बदलल्या, वरची बदलायची राहिली. प्रिंटला टाकून मी नमाजाला गेलो आणि परत येईपर्यंत बॅनर गुंडाळून झाला होता. हे मला चौकात उभं राहिल्या राहिल्या कळलं होतं, नंतर कधीतरी नाही. नऊ वर्षं माहीत होतं. बॅनरनं काका गेले की डॉक्टरनं दोन वर्षं आधी सांगितलेल्या कमजोर हृदयानं, ते मला माहीत नाही. पण बॅनरनं गेले असतील तर ते माझ्यामुळं. तुझ्यामुळं नाही. माफी मागायची माझी छाती नाही आणि ती तू दिलीस तरी मला पुरणार नाही. लग्नाला मी येत नाही, माझं तोंड बघून तुझा दिवस नासायला नको. हे पत्र सुकन्याला दाखव, चुलतभावाला दाखव, चौकात वाचून दाखव. पण विसाला वहिनीला शेजारी घेऊन पाटावर बस, आणि बहिणीचा हात तूच दे.

अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
दस्तगीर