न पिणाऱ्या माणसाचं यकृत

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता प्रयोगशाळेत काम करते. एखादं औषध माणसाच्या यकृताला सोसतं की नाही, ते आम्ही काचेच्या बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशींवर बघतो. यंदा थंडीत माझ्याकडे दुखण्यावरच्या, सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचं काम आलं. त्यातली एक तुमची होती.

तुम्ही गवंडी. संगमेश्वरापासून रत्नागिरीपर्यंत किती घरांचे चिरे तुमच्या हातून लागले असतील. चिरा उचलून उचलून कंबर धरायची, म्हणून सकाळी चुलीपाशी कोऱ्या चहाबरोबर एक गोळी आणि दुपारी कामावर दुसरी. आई म्हणायची, "डॉक्टरला दाखवा एकदा." तुम्ही म्हणायचात, "दुकानात मिलते ती गोली काय विष असते?" मग एका भातकापणीला तुमचं जेवण तुटलं, डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून गावात झाडपाल्याचे काढे झाले आणि शेवटी रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर खाटेपाशी उभे आहेत. विचारतात, "किती वर्षं पिता?" तुम्ही उशीवरून मान उचलता. "थेंब नाय घेतला कदी, सायेब." ते आईकडे बघतात. गोळ्यांचं कुणी विचारत नाही, आणि सांगावं हे आपल्यालाही सुचत नाही. चार दिवसांत तुम्ही माणसं ओळखेनासे झालात, आणि गेलात. बाराव्याला मांडवात दोघी बोलल्या, "लिव्हर गेला म्हंजे लपून घेत असनार." आईने ऐकलं. हातातलं वाढप खाली ठेवून ती पडवीत जाऊन बसली.

बशीत मी औषधाची मात्रा वाढवत नेली. एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी हळूहळू सुटल्या, फुगल्या, मेल्या. गोळी मोडून बाहेर टाकायचं काम यकृतच करतं, आणि ते करताना जे तयार होतं तेच कधीकधी त्याच्या जिवावर उठतं. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्यालाच होतं, आणि कुणाला होईल ते आधी कळत नाही. सूक्ष्मदर्शकावरचा डोळा मी बराच वेळ काढला नाही.

शिमग्याला घरी गेले तेव्हा आईला गोळीचं सांगितलं. ती नारळ खवत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे तुज्या बापानं घेतली नव्हती."

"तुला कधी वाटलं होतं, घेतली असेल?"

"मला नाय गो. पन ऐकून ऐकून..." तिने पदराने तोंड पुसलं. "आता कोनाला सांगू? बोलनाऱ्या पन गेल्या."

बाबा, त्या बशीतल्या पेशी तुमच्या नव्हत्या. तुमचं यकृत कशाने गेलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. साधी पाण्यातून येणारी कावीळही असेल, तो काढाही असेल. आईने मात्र पुन्हा एकदा विचारलं, "नक्की गोलीच ना?"

मी हो म्हटलं.