शंभर वर्षांची कॅसेट

२ फेब्रुवारी १९९५, गुरुवार
मुसळानं कीबोर्डवाल्याला बडवायचं होतं, माझ्याच्यानं नुसता कीबोर्ड बडवला गेला. हे आधी लिहिते. आता आमचा नमस्कार, शरणार्थ, वहीबाई. वही नातीची, रुद्राणीची. अर्धी कोरी होती.

नातू संगमेशचं पाटोद्याला कॅसेटचं दुकान हाय. म्हणला, गंगासागर आज्जी, तुझ्या जात्यावरच्या ओव्या भरू, शिवरात्रीला परळीच्या जत्रेत विकू. मी म्हणलं, भर, पण शंभर वर्षांनी लावली तरी ताजी वाटली पायजे. म्हणं, त्याला कीबोर्ड लागतो. कीबोर्डवाल्यानं एक बटन दाबलं, ढोल. दुसरं दाबलं, बासरी. तिसरं दाबलं तर कुत्रं भुकलं. वैजिनाथाच्या ओवीवर कुत्रं. मुसळ जवळच होतं.

आजपासून रागावायचं न्हाई. गळा बसतो.

६ फेब्रुवारी, सकाळी
नुसता माईक, नुसता माझा गळा. खुर्चीवर बसून सात ओव्या. संगमेश म्हणला, ताल पळतोय. मी म्हणलं, मशीनचं चाक पळतंय. चाक बरोबर हाय म्हणला. तांब्या फेकला. लागला न्हाई. कपाळाला तेवढा लागला.

९ फेब्रुवारी
मला युक्ती सुचली. जात्याची घरघर पायजे. खरं गाणं बसून होत न्हाई, दळून होतं. सून केशरला समोर बसवली. तिला ओढता येईना, मी सूर वर नेला की ही थांबती. जात्याचा खुंटा उपसून पाठीत घातला, हळूच. ती उमापूरला माहेरी गेली. बरं झालं, रेकॉर्डिंगला शांतता लागती.

संगमेश म्हणला, छबुआज्जीला बोलवू का. छबी माझी धाकटी जाऊ. तीस वर्षं जात्याला समोर बसली. गायची न्हाई, माझ्या मागं गुणगुणायची. सहा वर्षांमागं तिनं ओवी माझ्याआधी उचलली म्हणून खुंटा उगारला, नुसता भिववायला. तिनं मनगट मधी घातलं. मोडलं. तवापसनं ती पोराकडं, सिरसाळ्याला. मनगट तिचं, चूक तिची. बोलवायचं न्हाई.

१४ फेब्रुवारी
माझी कॅसेट तयार. घरात लावली. रुद्राणी म्हणली, आज्जी, तू बाजारात कुणाशी भांडतीस. कॅसेट चुलीत घातली. पोरीच्याही गालावर दोन ठेवून दिल्या. दिवसभर टीव्ही बघती, तिला काय कळतंय.

२१ फेब्रुवारी
संगमेशला जुनी कॅसेट घावली. आठ वर्षांमागं पहिला टेप घेतलता तवा जात्याजवळ ठिवून भरलेली. लावली. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. दगडाबाईला माझं काहीच आवडत न्हाई, तिनं डोळ्याला पदर लावला. मी म्हणलं, ऐका, ह्याला गळा म्हणतेत.

संगमेश खाली बघून म्हणला, "आज्जी, पहिली ओळ तेवढी तुझी हाय. पुढचं सगळं छबुआज्जी गाती."

टेप डोक्यावर उचलला. मग खाली ठिवला. हात दुखत होता म्हणून.

२५ फेब्रुवारी
चार बार ऐकली. चूक काढायला. घावली न्हाई. छबी घाई करत न्हाई. जातं तिच्याकडं येईल तवा श्वास घेती, जाईल तवा सोडती. आत्ता पलीकडच्या खोलीत दळतीय असं वाटतं. माझा सूर जात्याच्या पुढं पळतो, कुणाला तरी हाणायला निघाल्यागत.

संगमेश म्हणतो, हीच काढू, पण तिला इचारल्याबिगर न्हाई. आन नाव तिचं वर. मी म्हणलं, मग राहू दे.

२७ फेब्रुवारी, शिवरात्र
जत्रा भरली. आमची कॅसेट न्हाई. केशर आली न्हाई. दुपारी जात्यापुढं एकटीच बसले. पहिली ओळ म्हणली. थांबले. पुढची कुणी उचलली न्हाई.

खुंटा उपसून चुलीत घातला.

उद्या संगमेशनं सिरसाळ्याला जावं. छबीला सांगावं, मनगट मीच मोडलं, जाणून. नाव तिचंच वर टाकू. कॅसेट काढायची का न्हाई, ह्याचा जबाब छबीनंच द्यायचा, तिच्याच तोंडानं. तिच्या पोरानं मधी तोंड घातलं तर त्याचं तंगडं मोडीन.