उतरवा म्हणण्याचा मान

भूम,
दि. १३ ऑक्टोबर २०२४

चिरंजीव उमाशंकर यास वडिलांचे आशीर्वाद. सौ. शिवरंजनीसही सांगावेत.

येथे तुझी आई व मी कुशल आहोत. पाऊस बरा झाला, चारा आहे, दूधही भरपूर आहे. येडशीस तुझी नोकरी ठीक चालली असेल, असे समजतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहीत आहे.

दिवाळीची मागणी सुरू झाली आहे. आपली खव्याची भट्टी मात्र पाच दिवसांपासून बंद आहे. तू येऊन हातभार लावावास. तुझी गॅसवरची मशीनची कढई चालू करण्यास माझी हरकत नाही. देखरेख मी करीन.

वरील मजकूर कालचा. आज तो तुझ्या आईस वाचून दाखवला. ती म्हणाली, “ही गड्याला धाडायची चिठ्ठी झाली. खरं लिवा.” म्हणून पुढे लिहितो.

आपल्या भट्टीची रीत तुला ठाऊक आहे. मालकाने खवा तळहातावर घ्यायचा, वास घ्यायचा व “उतरवा” म्हणायचे. त्यावाचून कढई हलत नाही. तो मान तू चार वर्षे मागत होतास. “माझे नाक शाबूत आहे तोवर उतरवा मीच म्हणणार,” असे मी दर वेळी सुनावले. शेवटचे सुनावले तेव्हा माझे नाक जाऊन दोन महिने झाले होते.

गेल्या वर्षीच्या तापापासून मला कसलाही वास येत नाही. दुधाचा नाही, धुराचा नाही. तुझी आई तेव्हापासून कढईजवळ बसू लागली, ती गुडघे शेकण्यासाठी नव्हे. खवा झाला की ती डोक्यावर पदर घेई व मी “उतरवा” म्हणे.

श्रावणात ती बहिणीकडे, नागम्माकडे बारशाला गेली. त्या दिवशी लाकडाच्या चुलीवरचा घाणा मी अंदाजाने काढला. उलथणे फिरवणारा बजरंग म्हणाला होता, “मालक, करपतंय.” भट्टीचा मालक कोण, असे मी त्यास विचारले. तो पुन्हा उलथणे फिरवू लागला.

तोच खवा मिठाईवाल्याने परत आणला व सर्व दूधवाल्यांसमक्ष टाकला. मी तो तुझ्या मशीनचा ठरवला. तू एवढेच म्हणालास, “अप्पा, हातावर घ्या, वास घ्या, अन् मग सांगा कुणाच्या कढईतला हाय.”

गॅसवरच्या खव्यास धुराचा वास येत नाही. त्या खव्यास तो येत होता, हे तेथे उभ्या प्रत्येकास कळत होते. मी खवा नाकाशी नेला. काही आले नाही. तरीही “तुझ्या” म्हणालो. सर्वांनी माना खाली घातल्या. त्याच दिवशी तू घर सोडलेस.

मी जाणूनबुजून खोटे बोललो, असे तू समजलास. तो कोणत्या कढईतला हे मला वासावरून कळलेच नव्हते, ही गोष्ट त्याहून लाजिरवाणी आहे. “मला वास येत नाही” हे चार शब्द चारचौघांत उच्चारण्यापेक्षा तुझे नाव घेणे मला सोपे वाटले.

सहा दिवसांपूर्वी तुझी आई कढईपासून उठली. “पोराला घालवलंत. आता माझा पदर न्हाय मिळायचा,” म्हणाली व घरात गेली. मी कढईसमोर उभा राहिलो. गडी माझ्या तोंडाकडे पाहत होते. अखेर मी आग विझवण्यास सांगितले.

आज सकाळी बिराप्पा येऊन गेला. तीस वर्षे त्याचे दूध आपल्याकडे आहे. म्हणाला, “मालक, गुरुवारपर्यंत थांबतो. मग दुसरी भट्टी बघावी लागंल. म्हशी थांबत न्हायत्या.” तो गेला तर बाकीचेही जातील व भट्टी राहणार नाही.

तू गुरुवारी सकाळी ये. त्याच दूधवाल्यांसमक्ष मी हे सर्व सांगेन. त्यानंतर “उतरवा” तू म्हण. कोणती कढई ठेवायची, मला भट्टीवर उभे करायचे की नाही, हे तुझ्याकडे. तू सांगशील ते काम करीन.

बजरंग हे पत्र तुझ्या हाती देईल. येताना ते सोबत आण. ऐनवेळी माझी जीभ रेटली नाही, तर सर्वांना मोठ्याने वाचून दाखव. मी थांबवीन, थांबू नकोस.

मला पुढे नाकारता येऊ नये, म्हणून पूर्ण नावानिशी सही करतो.

कल्याणप्पा महारुद्र तोडकरी