कानाचं उत्तर

३ फेब्रुवारी
नवी नोकरी, नवं घर आणि मनाजोगतं काम! कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करायची. तपासणीची खोली बघून जीव हरखला. भिंतींना स्पंज, जाड दार, खिडकीला दुहेरी काच. आत बसलं की स्वतःच्या मानेतली शीरसुद्धा ऐकू येते. नावनोंदणीच्या टेबलावरचे काका म्हणाले, डॉक्टरांना शिव्या द्यायच्या तर इथंच द्या, चकार शब्द बाहेर जात नाही. डॉक्टर स्वतः बायकोचा फोन इथंच घेतात. माझी लेक चिमी शाळेतून थेट इकडे येते, बाकावर पाय हलवत अभ्यास करते. आम्ही दोघीच एकमेकींना, त्यामुळे ही सोय फार मोठी.

६ फेब्रुवारी
चिमीला आज माझं आवडतं गुपित सांगितलं. कान नुसता ऐकत नाही, उत्तरही देतो. पडदा हलतो, तीन इवली हाडं तो हेलकावा आत पोचवतात, आणि शंखासारख्या वळणातल्या पाण्यात केसाळ पेशी नाचू लागतात. त्या नाचाचा बारीक आवाज उलटा बाहेर येतो. यंत्र कानात टिकटिक सोडतं आणि ते उत्तर टिपतं. तान्ह्या बाळांचे कान असेच तपासतात. चिमीनं विचारलं, मग कान खोटं बोलतो का?

रोज सकाळी यंत्र आधी स्वतःच्या कानावर तपासून घ्यायचं, ही आमची रीत. काका म्हणाले, आधीच्या बाई तेव्हा दार उघडं ठेवायच्या. मला हसू आलं. म्हणजे काय पंख्याची घरघर मोजायची? मी बंद करून घेते.

११ फेब्रुवारी
यंत्र बिघडलं असावं. टिकटिक सोडायच्या आधीच उत्तर आलं. वायर बदलली, तरी तेच. पेशंटवर नीट चालतं. फक्त माझ्या उजव्या कानात—

१४ फेब्रुवारी
दुपारी चिमी बिलगून बसली, माझ्या कानाला कान लावून. म्हणाली, आई, तुझ्या कानात एक बाई बोलतेय. काहीतरीच काय, म्हटलं. तर म्हणे, तिला माझं नाव माहीत आहे.

१७ फेब्रुवारी
काकांना विचारलं, आधीच्या बाई का गेल्या. त्यांनी मान खाली घातली. ठार बहिऱ्या झाल्या म्हणे. तरी दिवसभर कुणाला तरी हो, हो म्हणायच्या.

१९ फेब्रुवारी
माझा कान शांत. किती हलकं वाटलं! मग चिमीला हाक मारली. वळली नाही. पुन्हा मारली. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकली. भलत्याच मोठ्यानं म्हणाली, आई, ती आता माझ्याकडे राहायला आलीय.

२० फेब्रुवारी
डॉक्टरांनी पाहिलं. पडदा ठीक, हाडं ठीक. पण टिकटिकीला उत्तर नाही. माझ्या चिमीचे कान— नाही. कानाला कान लावून गेली ना ती? तशीच परत येईल.

२१ फेब्रुवारी
दोघी आत. दार बंद. चिमीच्या कानाला कान लावला. ये म्हटलं, माझ्याकडे ये, लेकराला सोड—

आली.

चिमीला बाहेर काढून कडी लावली. काचेतून दिसतेय. काकांनी मागून हाक मारली असावी. ती वळली. वळली! हसली! आता काचेवर टकटक करतेय. बोटं दिसतात, आवाज नाही.

आवाज फक्त हिचा. पोरगी गोड आहे, म्हणते. दार उघड. कुशीत घे तिला, कानाला कान—

नाही. हात वहीवरच ठेवायचा. लिहीत राहायचं.

चिमी रडतेय. दाराशी आलीय. माझे ओठ हलताहेत— हो, हो— मी नाही म्हणत, हे मी नाही— हात कडीकडे