बाबांच्या फियाटचं नवं इंजिन

गोरेगाव पूर्व

प्रिय सुबोधदादा,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. आम्ही सगळे धडधाकट आहोत. पण जे सांगायचंय ते तू फोनवर ऐकून घेणार नाहीस. बाबांचं नाव निघालं की तुला लगेच दुसरा कॉल येतो, हे मला आता पाठ झालंय. कागद मध्येच कट करता येत नाही, म्हणून लिहितेय. मस्कतला पोचायला किती दिवस लागतील देव जाणे.

बाबांची फियाट आपण अजून विकलेली नाही. बिल्डिंगच्या मागच्या शेडमध्ये कव्हर घालून उभी होती, तू गेलास तेव्हा होती तशीच. तुला ती डोळ्यांसमोर नको असायची, आणि का ते मला कळतं. शाळेत मुलं तुला काय म्हणून चिडवायची ते मी लहान असले तरी ऐकलंय. गवताचा भारा घेऊन चाललेली ती बाई ज्या गाडीखाली गेली ती हीच गाडी, आणि त्यासाठी सहा महिने आत जाऊन आलेले ते आपले बाबा. परत आल्यावर त्यांनी स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. पण गाडी विकलीही नाही. दसऱ्याला धुवायचे, झेंडूची माळ घालायचे, पुन्हा कव्हर टाकायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तू आला नाहीस, आणि त्या दसऱ्याला पाहिलं तर आई एकटीच बादली घेऊन खाली गेली होती.

गेल्या वर्षी प्रितमच्या डोक्यात खूळ शिरलं, ही गाडी चालती करायची. जुनं इंजिन पार जाम झालं होतं, हँडल मारूनही तसूभर हलेना. मग त्याने ठरवलं की जिप्सी जीपचं नव्या पद्धतीचं इंजिन बसवायचं, तेही घरीच, शेडमध्ये. मी नको म्हटलं. मला वाटलं जावई असला तरी आई तोडूनच टाकेल त्याला. पण आई शेंगा सोलत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, “घाल. बंद गाडी दारात बरी नाय.” एवढंच.

मग आमचे सात-आठ महिने शनिवार-रविवार त्यातच गेले. कुर्ल्याहून इंजिन आणि गिअरबॉक्स आणला. मरोळला प्रितमचा मित्र धोंडिराम याचं लेथचं वर्कशॉप आहे, त्याने इंजिन टेकवायला नवे ब्रॅकेट बनवले, मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा कापून मापात वेल्ड केला. दोघांनी चेनपुलीला टांगून जुनं इंजिन वर काढलं, तेव्हा आई खिडकीत उभी होती. नवं आत जाईना, पंख्याला जागा पुरेना, मग रेडिएटर पुढे सरकवला. डॅशबोर्डखाली एक संगणकाची डबी बसली, तिच्या वायरी बघून मला भोवळ यायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ होता तो गेला, आता जमिनीतून वर येतो. आरटीओचे खेटे प्रितमने घातले. आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन लागलं. इतकं हळू की आधी कोणाला कळलंच नाही. आई जिना उतरून खाली आली होती. तिने गाडीत डोकावून विचारलं, “पहिलो गिअर खंय पडता?” प्रितमने हसत हसत दाखवला. मीही हसले. तेव्हा काही वाटलं नाही.

पहिली चक्कर आम्ही आरेच्या रस्त्याने मारली. झकास चालली होती रे गाडी. झाडीतल्या एका वळणावर ती बंद पडली. धडपडली नाही, आचके दिले नाहीत, चालता चालता श्वास रोखावा तशी गप्प झाली. दहा मिनिटं काही केल्या लागेना. मग आपोआप लागली. प्रितम म्हणाला, पेट्रोलच्या पंपाचं काहीतरी असेल. पंप बदलला. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच बंद. बोरिवलीपर्यंत नेली, घाटकोपरला नेऊन आणली, काही नाही. आरेत गेली की त्याच वळणावर, एका पिवळ्या खांबाजवळ, गप्प. त्या डबीला मशीन लावून बघितलं, तर दोष एकही नाही. तिसऱ्यांदा झालं तेव्हा जेवताना मी हे सांगितलं. आईच्या हातातला घास तसाच राहिला. तिने विचारलं, “कुठल्या वळणावर?” मी सांगितलं. ती उठून हात धुऊन आली आणि पुन्हा जेवायला बसली नाही.

त्यानंतर शेडमध्ये वेगळंच सुरू झालं. नवीन इंजिन म्हणून प्रितम दर रविवारी किलोमीटर लिहून ठेवायचा. एका रविवारी तो आकडा आठने जास्त निघाला. त्याला वाटलं लिहायला चुकलो. पुढच्या आठवड्यात सोळा. आणि सीट पुढे ओढलेली असायची, अगदी स्टिअरिंगला चिकटेपर्यंत, वर चादरीची चौकोनी घडी. दादा, तुला आठवतं का, बाबा बुटके, तेच तशी घडी घालून बसायचे. प्रितम सहा फूट, तो त्या सीटवर मावतसुद्धा नाही. घरात मीच वेड्यासारखी बाबांच्या फोटोसमोर दोनदा उदबत्ती लावायला लागले.

एक दिवस ताप आला म्हणून ऑफिसमधून दुपारी चारला घरी आले. का कोण जाणे, आधी शेडमध्ये गेले. कव्हर नीट घातलेलं. खाली हात घालून बॉनेटला लावला. गरम होतं. चांगलं चटका बसेल इतकं गरम. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं, आणि आतून इंजिन निवताना येतो तसा टिक टिक आवाज येत होता. मी तिथून पळाले. वर आई झोपली होती, भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी नव्या वॉचमनला विचारलं, आमची गाडी कोणी बाहेर काढतं का. तो मे महिन्यात आलाय, बाबांना त्याने कधी पाहिलेलं नाही. तो म्हणाला, “वो बाबूजी ले जाते हैं ना, दोपहर को.” मी विचारलं, कोण बाबूजी? तर म्हणाला ठेंगणे आहेत, जाड काळा चष्मा, तपकिरी टोपी, कोणाशी बोलत नाहीत. बाबांची तपकिरी टोपी दाराच्या मागे खुंटीला आहे, ते गेल्यापासून आम्ही ती काढलेली नाही. त्या संध्याकाळी मी टोपी उतरवून आत बोट घातलं. पट्टी घामाने ओलसर होती.

प्रितमला मी हे सांगितलं नाही. शुक्रवारी डबा घेऊन नेहमीसारखी निघाले आणि समोरच्या मेडिकलच्या पायरीवर जाऊन बसले. सव्वादोनला मागच्या फाटकातून फियाट बाहेर आली. काचेवर ऊन होतं, आतलं दिसेना, फक्त टोपी दिसली. मी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला तिच्या मागे जायला सांगितलं. गाडी सावकाश, रस्त्याच्या कडेने, आरेत शिरली. भर दुपार, पण झाडीत अंधारल्यासारखं वाटत होतं. त्या खांबाजवळ ती थांबली. मी रिक्षा मागेच सोडली. दार उघडलं, आणि दादा, तुला शपथेवर सांगते, बाबा उतरले. बाबांचा फुलशर्ट, तीच टोपी, डावा पाय जरा ओढत टाकायची तीच चाल. ते खांबापाशी गेले, टोपी काढली. मागे पांढऱ्या केसांचा अंबाडा होता.

आई होती.

मी धावत गेले. ती घाबरली नाही, मी येणार हे माहीत असल्यासारखी बघत राहिली. मी आधी ओरडले, लायसन नाही, गुडघे नाहीत धड, बहात्तर वर्षांची तू, कोणाच्या अंगावर गेली असतीस तर? ते शब्द ऐकून ती मटकन खाली बसली, रस्त्याच्या कडेला, गवतात. मग म्हणाली, “गेलंय मी. एकदा गेलंय.”

तिने मला सगळं तिथेच सांगितलं. बाबा तिला दर रविवारी त्या रस्त्यावर गाडी शिकवायचे. आपल्याला शेजाऱ्यांकडे सोडून जायचे ते त्यासाठी, बाजारासाठी नव्हे. त्या दिवशी गाडी आई चालवत होती. ती बाई, रखमी तिचं नाव, भारा घेऊन झाडीतून रस्त्यावर आली, आणि आईचा पाय ब्रेकऐवजी दुसरीकडे पडला. रखमी तिसऱ्या दिवशी गेली. पण त्याच्या आधी, तिथेच रस्त्यावर, लोक जमायच्या आत बाबांनी आईला ओढून डाव्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. “पोरां लहान आसत, तू घरी व्हयी,” पोरांजवळ आई हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. कोर्टातही गाडी मीच चालवत होतो म्हणाले, घरीही तेच. नोकरी गेली तरी तेच. तू बावीस वर्षांचा असताना त्यांच्या तोंडावर म्हणालास की माणूस मारणाऱ्याच्या घरात मी राहणार नाही, तेव्हा आई सांगायला पुढे झाली होती. बाबांनी नजरेने तिला थांबवलं. मी ती नजर तेव्हा बघितली होती, आणि मला वाटलं होतं त्यांना लाज वाटतेय.

मी विचारलं, मग आता इथे का येतेस? ती म्हणाली, तुम्ही सांगितलं गाडी त्या वळणावर बंद पडते, तेव्हा मला बघायचं होतं माझ्या हातूनही बंद पडते का. शर्ट आणि टोपी घातली ती लोकांनी वळून बघू नये म्हणून. पहिल्याच दिवशी खांबाजवळ गाडी बंद पडली. मग ती उतरून बसली, रखमीशी बोलली. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही. बोलून झालं की गाडी लागते, म्हणाली. त्या दिवशी मी स्वतः किल्ली फिरवत होते, पाच-सहा वेळा, काही नाही. आई माझ्या बाजूला बसली होती. मग ती खांबाकडे बघून हळूच म्हणाली, “रुचिरा आसा गो, माझां चेडू.” पोरीची ओळख करून द्यावी तशी. आणि गाडी लागली. प्रितमला विचारशील तर तो अजूनही पंपाचंच काहीतरी सांगेल. किल्ली मात्र आता माझ्या पर्समध्ये असते.

आता हे तुला का लिहितेय ते सांगते. रखमीची मुलगी आरेतल्या त्यांच्या पाड्यातच राहते, आपल्यापेक्षा थोडी मोठी आहे, आईने तिला शोधून काढलंय. येत्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आई तिच्या दारात जाऊन खरं सांगणार आहे. पुढे पोलीस येवोत की काही होवो, मी तिला अडवणार नाही, अडवून ती थांबायची नाही. पण तिची एकच अट आहे, हे आधी तुला कळायला हवं. पाड्यात बोलायच्या आधी तिला तिच्या मुलासमोर बोलायचंय, आणि तिला लिहिता येत नाही, म्हणून ती आत्ता माझ्याजवळ बसून हे ऐकतेय. तू ज्यांना अग्नी द्यायला आला नाहीस ते निर्दोष होते, दादा, आणि जिच्या हातून झालं ती तुला रोज फोनवर जेवलास का विचारते. तिच्यावर रागावायचं असेल तर रागाव, पण इथे येऊन, तिच्यासमोर. मी पत्र मऊ करून लिहीत होते, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, आडवळणाने नको, माझ्या शब्दांत लिव. तेव्हा हे तिचे शब्द: “सुबोध, गाडी मी चालवत होतंय.”

तुझीच,
रुचिरा