अकरा वह्या आणि दिलेल्या एका शब्दाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सव्वीस, पुस्तकबांधणी करणाऱ्याची थोरली मुलगी आणि विद्यापीठातील संशोधक विद्यार्थिनी, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. आपल्यावर कोणाचे दडपण नाही, असे अशा कागदात लिहावे लागते. माझ्यावर दडपण आहे. मात्र हा मजकूर लिहावा म्हणून ते कोणी आणलेले नाही. उद्या सकाळी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, आम्ही हे रोज करतो." मी रोज करत नाही, हे त्यांना सांगायचे राहून गेले.

एक. बचत खात्यातील शिल्लक आईला. टेबलावरचा दिवा वसतिगृहातील सोबतिणीला. मी दिवसा पडदे ओढून वाचते म्हणून ती मला वटवाघूळ म्हणते. त्याबद्दल तिला क्षमा केलेली नाही, दिवा तिने तरीही न्यावा.

दोन. मोठा शब्दकोश बाबांना. त्यांनी तो तीनदा बांधून दिला आणि दर वेळी विचारले, "वाचतेस, की कुस्ती खेळतेस त्याच्याशी?"

तीन. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते. माझ्या लोखंडी पेटीत अकरा वह्या आहेत. रक्तपिपासू पिशाच्चांच्या शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या नऊ कथांचे मी केलेले अनुवाद आणि या कथांच्या उगमाविषयीची प्रस्तावना त्यांत आहे. दहा महिन्यांपूर्वी हे सारे माझ्या मार्गदर्शक सरांच्या नावाने पुस्तकरूपात आले. ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत, टंकलेखनाच्या साहाय्याबद्दल, माझे नाव आहे. बाबांनी आपल्या प्रतीला चामड्याची बांधणी केली, ती ओळ शोधून काढली आणि म्हणाले, "बारीक छापलंय, पण आहे ना." मी हो म्हटले.

सर म्हणाले होते, "तुझा प्रबंध व्हायचाय अजून. वर्षभर कुठे बोलू नकोस. पुढच्या आवृत्तीत बघू आपण." मी म्हणाले, "हो सर." याहून अधिक मला बोलता येत नाही, लिहिता येते.

या कथाप्रकाराचा उगम ज्या कथेत मानतात, ती एका तरुण डॉक्टरने लिहिली. तो एका नामांकित कवीच्या पदरी होता. कथा छापून आली ती कवीच्या नावावर. कल्पनेचा पहिला तुकडा कवीचा होता, हे मान्य केले पाहिजे. विषय मलाही सरांनीच सुचवला, हेही इथे नोंदवते. त्या कथेत एक उमराव मरताना आपल्या तरुण सोबत्याकडून शपथ घेतो, की वर्ष आणि एक दिवस त्याच्याविषयी कोणाला काही सांगायचे नाही. सोबती शपथ पाळतो. उमराव पुन्हा उभा राहतो आणि त्याच सोबत्याच्या बहिणीशी लग्न करतो. मुदत संपते तेव्हा बहीण गेलेली असते. हा भाग मी चार वेळा अनुवादला, आणि चारही वेळा शपथ पाळणाऱ्याला मनातल्या मनात मूर्ख म्हटले.

परवा माझी धाकटी बहीण मला भेटायला आली. याच वर्षी ती आमच्या विभागात दाखल झाली आहे. खाटेवर पाय दुमडून बसली आणि म्हणाली, "ताई, सरांनी स्वतःहून बोलावलंय मला. दुसऱ्या खंडासाठी. म्हणाले, ताईसारखंच मनापासून करशील ना? सोमवारी जायचंय."

आणि मी म्हणाले, "छान."

चार. अकराही वह्या धाकटीला. पहिल्या वहीत, समासाच्या अगदी कडेला, सरांच्या हस्ताक्षरात लाल शाईने लिहिले आहे: 'अनुवाद उत्तम. पुढची कथा कधी देतेस?' वह्या बांधणीसाठी बाबांना देऊ नयेत. ते मायेने बांधतील, पण बांधताना कडा कापतात, शेरा जाईल.

पाच. सरांना दिलेला शब्द मी आज परत घेते. मुदत संपायला दोन महिने बाकी आहेत, याची मला जाणीव आहे. प्रबंध अडला तर अडो.

सहा. मृत्युपत्र हे लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते, असे वाचले. म्हणजे उद्या मी जगले तर हा कागद गप्प राहील, आणि मी स्वतःला ओळखते, मीही राहीन. खरे सांगायचे तर शस्त्रक्रियेपेक्षा मला याचीच धास्ती अधिक आहे. म्हणून कलमे चार व पाच माझ्या हयातीत, आजच, अमलात यावीत. पाच वाजता धाकटी येईल. कागद मी तिच्या हातात उघडाच देईन. पाकिटात घातला, तर 'नंतर वाच' असे माझ्या तोंडून निघेल.

स्थळ: स्त्रियांचा कक्ष, खाट क्रमांक सात
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारचे साडेचार
सही: थोरली

साक्षीदार:
१. खाट क्रमांक आठवरील, शिवणकाम करणाऱ्या काकू. ("अगं, तुझ्या वयात मुली लग्नपत्रिका लिहितात," असे म्हणून त्यांनी माझाच चष्मा मागून घेतला आणि सही केली.)
२. दुपारपाळीच्या सिस्टर.

साक्षीदार क्रमांक दोनचा शेरा: सही करताना मजकूर वाचलेला नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी पेशंटने कागद माझ्यासमोर बहिणीला दिला. बहिणीने उभ्यानेच वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. नंतर विचारले, "ताई, पेटीची किल्ली कुठंय?" पेशंटने उशीखालून काढून दिली. नाडी जलद, पण नियमित.