नादारीचा अर्ज आणि वाढलेली दाळ

जळगाव, गुरुवार

तीर्थस्वरूप नर्मदाअक्का यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे कुंदाचा, वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, जेवढं वाकता आलं तेवढाच समजा). शिंदखेड्याला सगळे खुशाल असतील. तुमचे गुडघे काय म्हणतात? नानांची साखर उतरली, की अजून चोरून जिलेबी चालू शे? इकडे मी जिवंत आहे, पण धास्तीने निम्मी झाले. फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझी बातमी तुमच्याआधी तुमच्या गल्लीला कळते. तेव्हा हे चौथी नापास अक्षर गोड मानून घ्या.

रतिलालशेठने दाळमिलचं गोदाम बांधायला माझ्या भिंतीच्या मुळाशी खड्डा खणला आणि माझी भिंत त्यात जाऊन बसली, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून मी ताडपत्रीखाली राहते. वारा सुटला की जीव मुठीत. शेठ म्हणतो, भिंत म्हातारीच होती. (म्हातारी तर मीही आहे, म्हणून मला कुणी खड्ड्यात ढकलावं का?) योगराज वकील म्हणाले, भरपाईचा दावा लावू, पण आधी कोर्टाची फी भरावी लागेल, जेवढा दावा मोठा तेवढी फी मोठी. आकडा ऐकून मी चपला शोधायला लागले. तेव्हा म्हणतात, बसा, फी माफ होते, नादारीचा अर्ज करू. नादार म्हणजे ज्याच्याकडे फी भरण्यापुरतंही काही नाही असा माणूस. अक्का, हा शब्द आपल्याकडे भांडणात दुसऱ्याच्या तोंडावर फेकतात. मी तो स्वतःच्या हाताने सही करून माझ्या नावापुढे लावून घेतला. आता अर्ज मंजूर झाला नाही तर फी भरा, नाहीतर दावा गुंडाळा, आणि मग मरेपर्यंत ताडपत्री हेच माझं घर.

आणि तो मंजूर होईल असं मला वाटत नाही. का, ते ऐका. तहसीलमधून चौकशीला तलाठी आला. पोरगा नवा, पुण्याकडचा, इंग्रजी शाळेत शिकलेला, उंबऱ्यावर बुटासकट उभा. (घराचा उंबराच तेवढा शाबूत आहे, तोही त्याने तुडवला.) तुमच्या आईने मला कसं वळण लावलं ते तुम्ही पाहिलंय. नवी नवरी असताना मी एकदा चुलीपाशी "मीठ संपलं" म्हणाले, तर सासूबाईंनी पळीच तोंडावर मारली. घरात कधी काही संपत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. ते माझ्या हाडात मुरलं. तर पोरगा विचारतो, आजी, धान्य किती आहे? मी म्हटलं, "वाढलं रे भाऊ." म्हणे, "किती वाढलं?" "बठ्ठं, सगळंच वाढलं. दाळ वाढली, तेल वाढलं, परवा मीठसुद्धा वाढलं." तो खूश होऊन लिहीत सुटला. दागिने? "पोत, बांगड्या, मालक गेले तेव्हाच वाढवल्या." धंदा? "पापडाचं दुकान होतं, भिंत पडली त्याच दिवशी वाढवलं." लाइट? "ती कापली. दिवा लावते, तोही लवकर वाढवते." म्हणाला, "कमाल आहे आजी, या वयात!" मला वाटलं, लेकराला माझी कीव आली.

अहवाल कोर्टात आला तेव्हा कळलं. "अर्जदाराच्या धान्यसाठ्यात, दागिन्यांत व व्यवसायात वाढ झाली असून दिवाबत्तीही वाढविण्यात येत आहे." योगराज वकिलांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, कुंदाबाई, या कागदाप्रमाणे तुम्ही रतिलालशेठला कर्ज देऊ शकता. शेठचा वकील तर पेढे वाटायचाच बाकी आहे. म्हणे, बाईने शपथेवर खोटं लिहिलं, कारवाई करा. मी विचारलं, यात आत टाकतात का? योगराज म्हणाले, बघू. (डॉक्टर आणि वकील "बघू" म्हणाले की मी देवाला नवस बोलायला लागते.)

मंगळवारी तारीख आहे. जज्जसाहेब मला उभं करून विचारणार, आणि मी नुसतं म्हणायचंय, माझ्या घरात काही नाही. एवढं एक वाक्य! सराव करते, पण तोंड उघडलं की ओठ आपोआप मिटतात, जशी काही पळी येतेय. काल योगराज जज्ज झाले आणि मला विचारलं, तर तोंडून निघालं, "देवाच्या कृपेने बठ्ठं आहे साहेब." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय भीती निराळीच आहे. असं अभद्र बोलले आणि ते खरं झालं तर? (वकील म्हणतात, ते आधीपासूनच खरं आहे. शिकलेल्या माणसाला भीती समजावून सांगणं फार अवघड.)

असो. नानांना नमस्कार, सुनेला आशीर्वाद, पोरांना जे परवडेल ते. अक्षराला हसू नका.

तुमची,
ताडपत्रीखालची कुंदा

ता. क. वकील म्हणतात, माझ्या बाजूने साक्षीदार चालतो. अक्का, तुम्ही या. आजवर प्रत्येक लग्नाच्या मांडवात तुम्ही चारचौघींत म्हणत आलात, "कुंदाच्या घरात आहे काय? नुसते डबे वाजतात." मी तुमच्या नावाने बोटं मोडली, ती सगळी परत घेते. तेच बोलायचंय, त्याच आवाजात, फक्त शपथेवर. तुम्ही घरची लेक, पळी तुमच्यावर कधी उगारली गेली नाही, तुमची जीभ मोकळी आहे. मात्र साहेब "पुरे" म्हणाले की थांबा, पुढे माझ्या स्वयंपाकावर जाऊ नका.

आणखी एक ता. क. येताना गळ्यातलं सोनं घरी ठेवून या, नाहीतर विचारतील की नणंदेने फी का भरली नाही, आणि मग मला तिथे खरं बोलावं लागेल. ज्वारीचं पोतं आणायचं मनात असेल तर मंगळवारच्या आत अजिबात नको, शेठची माणसं पाळत ठेवून आहेत. बुधवारी मात्र पहिल्या गाडीला चढवा, उशीर करू नका, घरात खरंच काही नाही.